नानावटी खटला : बचावाचे पवित्रे

मुंबईतील व्यावसायिक प्रेम भगवानदास आहुजा यांचा २७ एप्रिल १९५९ रोजी त्यांच्याच घरात गोळ्या लागून मृत्यू झाला. त्याबद्दल नौदलातील कमांडर कावस माणेकशा नानावटी यांच्यावर चाललेला खटला ‘नानावटी खटला’ म्हणून ओळखला जातो. नानावटी ‘आयएनएस म्हैसूर’ या युद्धनौकेवर दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते. आपली पत्नी सिल्व्हिया आणि आहुजा यांचे संबंध आहेत हे त्यांना त्याच दिवशी पत्नीच्या तोंडून कळले होते. हा खटला ज्यूरीमुळे (दोषी की निर्दोष हे सांगणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळामुळे), वर्तमानपत्रांमुळे आणि राज्यपालांच्या हस्तक्षेपामुळे गाजला. कायद्याच्या अभ्यासकाला मात्र त्यात सगळ्यात मोलाची वाटते ती बचावाची मांडणी. एकाच घटनेसाठी दोन वेगवेगळे बचाव उभे केले, तर ते एकमेकांना कुठवर आधार देतात आणि कुठे एकमेकांचे पाय ओढतात, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा भारतीय खटला सांगणे कठीण आहे.

खुनाच्या आरोपाला उत्तर देण्याच्या वाटा मोजक्याच असतात. मी तिथे नव्हतोच. माझ्या हातून घडले, पण अपघाताने. जीव वाचवण्यासाठी मारले. मारताना मी भानावर नव्हतो. किंवा समोरच्याने असे काही केले की माझा तोल गेला. नानावटी प्रकरणात पहिली वाट सुरुवातीलाच बंद झाली. गोळ्या झाडल्या गेल्यावर ते स्वतःहून नौदलाचे प्रोव्होस्ट मार्शल (नौदलातील पोलिसांचे प्रमुख) कमांडर सॅम्युएल यांच्याकडे गेले आणि तिथून पोलीस उपायुक्त जॉन लोबो यांच्यापुढे हजर झाले. रिव्हॉल्व्हर त्यांनीच ताब्यात दिले. वेडेपणाचा बचाव टिकणे शक्य नव्हते, कारण त्या दुपारची त्यांची प्रत्येक हालचाल शुद्धीवरच्या माणसाची होती. स्वसंरक्षण म्हणावे, तर हत्यार घेऊन दुसऱ्याच्या शयनगृहात शिरलेल्या माणसाला ते शोभणारे नव्हते. उरल्या दोन वाटा : अपघात, आणि गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ.

या दोन वाटा समजण्यासाठी त्या दुपारचा क्रम नीट पाहायला हवा. पत्नीच्या कबुलीनंतर नानावटी आहुजांकडे जायला निघाले. तिने अडवले, तेव्हा आपण स्वतःलाच गोळी घालून घेऊ असे ते म्हणाले, आणि तुम्ही तर निर्दोष आहात, तुम्ही का मरायचे, अशी तिने त्यांची समजूत घातली. मग ते पत्नीला आणि मुलांना गाडीतून सिनेमाला सोडायला गेले आणि सहाला घ्यायला येतो असे सांगून निघाले. तिथून बोटीवर. आजारी कुत्र्यासाठी औषध हवे होते, हे बोटीवर जाण्याचे त्यांनी दिलेले एक कारण. तिथे त्यांनी भांडारातून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे मागून घेतली, रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचे आहे असे सांगून. हे सांगणे खोटे होते. शस्त्र एका तपकिरी पाकिटात घातले. आधी आहुजांच्या कार्यालयात गेले, ते तिथे नव्हते. मग मलबार हिलच्या सेटलवाड रस्त्यावरील ‘जीवन ज्योत’ इमारतीतील त्यांच्या घरी. नोकराने दार उघडले. नानावटी सरळ शयनगृहात गेले आणि आतून दार लावून घेतले. आहुजा नुकतेच अंघोळ करून आलेले, कमरेला टॉवेल.

आत काय झाले ते सांगणारा एकच माणूस जिवंत राहिला, आणि तो आरोपी होता. बचावाची सगळी ताकद आणि सगळा कमकुवतपणा या एका वस्तुस्थितीत आहे. नानावटींच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी आहुजांना शिवी दिली आणि विचारले : सिल्व्हियाशी लग्न करून मुलांना सांभाळशील का? त्यावर आहुजा म्हणाले, जिच्याजिच्याबरोबर झोपलो त्या प्रत्येकीशी लग्न करायचे की काय? नानावटींनी पाकीट बाजूच्या कपाटावर ठेवले आणि मारहाणीची धमकी दिली. आहुजा पाकिटाकडे झेपावले, नानावटींनी रिव्हॉल्व्हर उचलले, आहुजांनी त्यांचा हात धरून पिरगळला आणि त्या झटापटीत गोळ्या सुटल्या.

या कथनातल्या आहुजांच्या एकाच वाक्याला दोन कामे करावी लागली. अपघाताच्या बचावात ते झटापटीची सुरुवात ठरते. प्रक्षोभाच्या बचावात तेच माथे भडकवणारे कारण ठरते. पण अपघात मानायचा तर नानावटी शांतपणे, मुलांचे भवितव्य विचारायला आलेले आणि मारण्याचा हेतू नसलेले गृहस्थ असायला हवेत. प्रक्षोभ मानायचा तर ते भान हरपलेले, संतापाच्या भरात मुद्दाम चाप ओढणारे असायला हवेत. एका बचावात गोळी हेतूशिवाय सुटते, दुसऱ्यात हेतूनेच झाडलेली असते. कायदा असे पर्यायी बचाव घ्यायला मनाई करत नाही, कारण आरोपीला आपली एकच एक हकीकत शाबित करण्याचे बंधन नसते. तरी ऐकणाऱ्याच्या मनात दोन्ही चित्रे एकाच वेळी ठरत नाहीत.

फळही सारखे नव्हते. भारतीय दंड संहितेच्या कलम ८० खाली अपघात मान्य झाला तर पूर्ण सुटका. कलम ३०० च्या पहिल्या अपवादाखाली प्रक्षोभ मान्य झाला तर खून फक्त सदोष मनुष्यवधापर्यंत उतरतो आणि कलम ३०४ च्या पहिल्या भागाची शिक्षा राहतेच. म्हणून कार्ल खंडालावाला यांच्या नेतृत्वाखालील बचाव पक्षाने सत्र न्यायालयात भर अपघातावर दिला आणि प्रक्षोभ हाताशी राखून ठेवला. हा निर्णय समजण्यासारखा आहे. समोर नऊ जणांची ज्यूरी होती, गणवेशातला देखणा अधिकारी होता, आणि पत्नी बचावाची साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभी राहणार होती. अशा वेळी कमी शिक्षेची मागणी करणे म्हणजे हातातले सोडून देणे. ऑक्टोबर १९५९ मध्ये ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने नानावटींना निर्दोष ठरवले.

कोर्टाबाहेर आणखी एक बचाव चालला होता, आणि त्याला कोणतेही कलम नव्हते. रूसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ या साप्ताहिकाने नानावटींची बाजू आठवड्यामागून आठवडे लढवली. देशासाठी समुद्रावर राहणारा नवरा आणि त्याच्या घरात शिरलेला श्रीमंत विलासी माणूस, अशी ती मांडणी होती. पारशी समाज नानावटींच्या मागे उभा राहिला, तर सिंधी समाजात आहुजांना न्याय मिळावा ही भावना तीव्र होती. रस्त्यावर खेळण्यातली ‘नानावटी’ रिव्हॉल्व्हरे आणि ‘आहुजा’ टॉवेल विकायला आले. ज्याचा जीव गेला तो आपली बाजू मांडायला नव्हता, आणि त्या काळातले जनमत त्याच्याशी फार कठोरपणे वागले. व्यभिचार तेव्हा कलम ४९७ खाली गुन्हा होता (सर्वोच्च न्यायालयाने ते कलम २०१८ मध्ये रद्द केले), म्हणजे नानावटींना फिर्याद करण्याचा मार्ग खुला होता. मेलेल्याचे चारित्र्य हा खुनाला जबाब होत नाही. पण ज्यूरीच्या खोलीत ते कितपत वजन टाकते, हे मोजण्याचे साधन कायद्यात नसते.

सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना हा कौल पटला नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ खाली न्यायाधीशाला अशा वेळी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवता येत असे, आणि त्यांनी ते पाठवले. इथून ज्यूरीसाठी रचलेला बचाव न्यायमूर्तींसमोर आला. सरकारची बाजू यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी मांडली, जे पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. न्या. शेलत यांना ज्यूरीला केलेल्या मार्गदर्शनात गंभीर चुका आढळल्या : अपघातासारखा अपवाद शाबित करण्याचा भार आरोपीवर असतो हे समजावले नव्हते, सिल्व्हियाची आहुजांना लिहिलेली पत्रे नीट पुढे ठेवली नव्हती, ‘जीवन ज्योत’च्या पहारेकऱ्यापुढे नानावटी जे बोलले त्याचे महत्त्व सांगितले नव्हते. न्या. नाईक यांनी वेगळ्या आधारावर भर दिला : कोणतीही समंजस ज्यूरी या पुराव्यावरून हा कौल देऊच शकली नसती. ११ मार्च १९६० रोजी नानावटी खुनाबद्दल दोषी ठरले आणि त्यांना जन्मठेप झाली.

पहारेकऱ्याची साक्ष अपघाताच्या बचावाला फार महागात पडली. माझ्या बायकोशी आहुजांचे संबंध होते, म्हणून मी त्याला मारले, अशा अर्थाचे नानावटी फाटकापाशी बोलले होते. हातून अपघात झालेला माणूस पहिल्या भेटलेल्या माणसाला अपघात झाला असे सांगतो. दुसरी अडचण शस्त्राची होती. रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटायला दर वेळी चाप ओढावा लागतो, आणि आहुजांना छाती, डावा हात आणि डोके अशा तीन ठिकाणी जखमा होत्या. तिसरी अडचण टॉवेलची. दोन धडधाकट पुरुषांची हातघाई झाली असेल, तर नुसता गुंडाळलेला टॉवेल जागच्या जागी कसा राहील? तो राहिला होता. बचाव पक्षाच्या अनेक पानांच्या युक्तिवादापेक्षा हा एक टॉवेल जड झाला, यात काही नवल नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी अपील फेटाळले. न्या. सुब्बा राव यांनी लिहिलेल्या या निकालात पुराव्याच्या भाराची जी उकल आहे, ती आजही बचावाच्या वकिलाला रोज उपयोगी पडते. गुन्हा शाबित करण्याचा मूळ भार सरकार पक्षावरच असतो आणि तो कधीही सरकत नाही. अपवादाचा फायदा मागणाऱ्या आरोपीवर तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे त्या अपवादापुरता भार येत असे. पण समजा आरोपीला अपघात पुरता शाबित करता आला नाही, तरी त्याने दिलेल्या पुराव्यामुळे हेतूबद्दलच रास्त शंका निर्माण झाली, तर त्या शंकेचा फायदा त्यालाच मिळतो. म्हणजे हरलेला अपवादही वाया जात नाही, तो सरकार पक्षाच्या भिंतीला दुसऱ्या बाजूने तडा देऊ शकतो. नानावटींच्या बाबतीत तो तडा गेला नाही एवढेच.

प्रक्षोभाबाबत न्यायालयाने आरोपीला अनुकूल अशा बऱ्याच गोष्टी मान्य केल्या. इंग्लंडमध्ये १९४६ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने व्यभिचाराची नुसती कबुली प्रक्षोभाला पुरेशी मानली नव्हती. भारतात मात्र शब्द आणि हावभावही काही परिस्थितीत पुरेसे ठरू शकतात, असे इथे सांगितले गेले. कसोटी त्याच समाजातल्या, त्याच परिस्थितीत सापडलेल्या समंजस माणसाची. मृताच्या आधीच्या वागण्यामुळे आरोपीच्या मनाची जी पार्श्वभूमी तयार झाली, तीही विचारात घेता येते. चौथी अट मात्र निर्णायक होती : प्राणघातक वार त्या प्रक्षोभाच्या भरातच झालेला असला पाहिजे, मन थंड होऊन आखणी करायला वेळ मिळाल्यानंतर नव्हे. नानावटी दीडच्या सुमारास घराबाहेर पडले आणि चार वाजून वीस मिनिटांनी गोळ्या सुटल्या. या जवळजवळ तीन तासांत सिनेमागृह होते, बोट होती, खोटे कारण होते, काडतुसे होती, कार्यालयातला हेलपाटा होता. पत्नीच्या कबुलीने उसळलेला संताप या सगळ्यातून तसाच उकळत राहिला, हे न्यायालयाला पटण्याजोगे नव्हते.

मग प्रक्षोभाचा बचाव एकट्याने, पहिल्यापासून घेतला असता तर? अभ्यासकांत हा प्रश्न चर्चेला येतो. त्या स्थितीत कबुलीपेक्षा शयनगृहातल्या त्या वाक्यावर सगळा भार टाकावा लागला असता : संताप दुपारी थंड झाला होता, आणि आहुजांच्या उद्धट उत्तराने तो त्या क्षणी नव्याने पेटला. मग तीन तासांचा मुद्दा बोथट झाला असता. पहारेकऱ्यापुढचे बोलणेही या चित्रात बसले असते. तीन जखमा आणि जागेवरचा टॉवेल यांचे स्पष्टीकरण द्यावेच लागले नसते, कारण झटापट झाली असे म्हणायचेच नव्हते. अडथळे दोनच उरले असते. ते वाक्य उच्चारले गेले याला आरोपीच्या शब्दाखेरीज आधार नव्हता. आणि भरलेले रिव्हॉल्व्हर पाकिटात घालून, दार लावून घेऊन, शिवी देऊन विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हा अवचित आलेला प्रक्षोभ म्हणायचा की आरोपीने स्वतः ओढवून घेतलेला? पहिल्या अपवादाच्या परंतुकात (त्याला जोडलेल्या अटींत) ओढवून घेतलेल्या प्रक्षोभाला जागा नाही. माझ्या मते हा बचाव तरीही अपघाताच्या बचावापेक्षा पुराव्याशी अधिक प्रामाणिक राहिला असता. पण त्यासाठी नौदलातल्या मानी अधिकाऱ्याला ‘हो, मी मुद्दाम गोळी घातली’ असे शपथेवर म्हणावे लागले असते, आणि आठ ज्यूरर ज्याला सोडायला तयार होते त्याला हे म्हणायला लावणारा वकील कुठून आणायचा?

शिक्षेचा प्रवास वेगळ्याच दारातून संपला. उच्च न्यायालयाच्या निकालाच्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा स्थगित करून नानावटींना ‘आयएनएस कुंजाली’वरील नौदलाच्या कोठडीत ठेवण्याचा आदेश दिला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आल्यावर असा आदेश लागू राहू शकत नाही, असे घटनापीठाने सप्टेंबर १९६० मध्ये चार विरुद्ध एक मताने ठरवले. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. त्याच सुमारास भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही वेगळ्या प्रकरणात माफी मिळाली. नानावटी पुढे कुटुंबासह कॅनडाला गेले आणि २००३ मध्ये तिथेच वारले.

या खटल्यामुळे भारतातली ज्यूरी बंद झाली असे सर्रास लिहिले जाते, ते बरोबर नाही. विधी आयोगाने १९५८ च्या अहवालातच ज्यूरी रद्द करण्याची शिफारस केली होती, आणि काही ठिकाणी ती या खटल्यानंतरही चालू राहिली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात अपघात कलम १८ मध्ये आणि प्रक्षोभाचा अपवाद कलम १०१ मध्ये आहे.