पान्हा, पंप आणि वरचं दूध

भिलवडीजवळच्या एका गावात माझी भाची दिली आहे. सिझेरियन झालं, पहिले तीन दिवस बाळाला पावडरचं दूध द्यावं लागलं आणि मग ते सुटलंच नाही. पाचव्या आठवड्यात मी भेटायला गेले तेव्हा दर वेळी अंगावर पाजून झालं की ६० मिली वरचं दूध, असा शिरस्ता पडला होता. तिने नुकताच इलेक्ट्रिक पंप आणला होता. बाळाला पाजून झाल्यावर तिने तो लावला आणि थोड्या वेळाने बाटली खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी १५ मिली. "मावशी, एवढंच आलं बघ. मला दूधच नाही." डोळ्यांत पाणी.

तिच्या सासूबाई नुकत्याच गोठ्यातून चरवी घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आगं, म्हस आटवायची आसली की आपण काय करतो? धार काढायची कमी करतो. तू पोरीला बाटली देतीस, आन् तुझं आंग समजतंय, गरज न्हाई."

शरीरशास्त्राच्या पुस्तकात याहून नेमकं काही सापडायचं नाही. स्कॉटलंडमधल्या हॅना संशोधन संस्थेत १९८०च्या दशकात शेळ्यांवर प्रयोग झाले. शेळीच्या कासेचे दोन भाग स्वतंत्र असतात. त्यांतल्या एकाच भागाची धार जास्त वेळा काढली, तर दूध वाढलं ते त्याच भागात. दोन्हीकडे रक्त तेच आणि रक्तातले हार्मोनही तेच, म्हणजे हुकूम मेंदूतून येत नव्हता. मग संशोधकांनी कासेतलं दूध काढलं आणि त्या जागी निर्धोक द्रावण भरलं. कास भरलेलीच राहिली, तरी दूध तयार होणं वाढलं. म्हणजे नुसत्या ताणाने दूध थांबत नाही. साठून राहिलेल्या दुधातच 'आता पुरे' असा रासायनिक निरोप असतो. बाईच्या स्तनातही असाच स्थानिक कारभार चालतो आणि प्रत्येक बाजूचा हिशेब वेगळा असतो.

आता वरच्या दुधाची अडचण लक्षात येईल. ६० मिली प्यायलेलं बाळ गाढ झोपतं, पुढचं पाजणं लांबतं, स्तन भरलेला राहतो आणि आतला निरोप 'कमी कर' म्हणतो. उद्या दूध आणखी कमी, म्हणून बाटली आणखी मोठी. हे चक्र तोडायला बाळाला उपाशी ठेवायचं नसतं. वरचं दूध चालू ठेवून स्तन मात्र वारंवार रिकामा करायचा. पंपाचं खरं काम हे आहे. बाटलीत किती पडलं, ही नंतरची गोष्ट.

त्या १५ मिलीबद्दलही सांगायला हवं. बाळ आत्ताच पिऊन गेलेलं असताना १५-३० मिली निघणं अगदी नेहमीचं आहे. शिवाय बाळाच्या ओढण्याची सर पंपाला येत नाही, त्यामुळे पंपातल्या आकड्यावरून आईच्या दुधाचं माप काढू नये.

दुसरी गोष्ट पान्ह्याची. म्हशीला पान्हा फुटावा म्हणून आधी रेडकू सोडतात, कास धुतात, हात फिरवतात. तेव्हा ऑक्सिटोसिन हार्मोन सुटतं आणि दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीच्या पेशी आकसून दूध नळ्यांत ढकलतात. गाईच्या कासेत दूध साठायला मोठी पोकळी असते, म्हशीच्या लहान, आणि बाईच्या स्तनात ती जवळजवळ नसतेच. म्हणून पान्हा फुटल्याशिवाय पंप कितीही ओढला तरी हाती फारसं लागत नाही. वेदना, धास्ती आणि दारात 'किती आलं?' विचारणारी माणसं पान्हा अडवतात. भाचीला मी सांगितलं, बाटलीवर रुमाल टाक, पोरीला समोर निजव, गरम पाण्यात पिळलेल्या कापडाने शेक, हाताने हलकं चोळ आणि मग पंप लाव. पंप चालू असतानाही स्तन हाताने दाबत राहिलं तर दूध जास्त निघतं.

दिवसरात्र मिळून पाजणं आणि पंप धरून निदान आठ वेळा स्तन रिकामे व्हावेत. पाजल्यानंतर १०-१५ मिनिटं पंप पुरतो. दूध तयार करायला लावणारं प्रोलॅक्टिन हार्मोन रात्री जास्त असतं, म्हणून पहाटेचं एक पाजणं किंवा पंप चुकवू नये. दिवसातून एकदा तासभर सवड मिळाली तर २० मिनिटं पंप, १० विश्रांती, १० पंप, १० विश्रांती, १० पंप असा क्रम करता येतो. बाळ वाढीच्या दिवसांत सारखं सारखं प्यायला मागतं, त्याची ही नक्कल. फरक दिसायला काही दिवस ते आठवडाभर लागतो. फार जोराच्या ओढीने दूध वाढत नाही, इजा मात्र होते. दुखत असेल तर पंपाचं तोंड मापाचं आहे का ते आधी पाहावं.

काढलेलं दूध २५ अंश तापमानात चार तास टिकतं. सांगलीच्या वैशाखात पारा ४० ला टेकतो तेव्हा हा हिशेब विसरावा आणि दूध लगेच फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवावं, दारात नाही. तिथे ते चार दिवस चांगलं राहतं. दूध म्हटलं की उकळायचं, ही आपल्या हाताची सवय इथे आवरावी लागते. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट केलं की झालं. आधी हे दूध पाजावं, मग वरचं. बाटलीऐवजी बोंडलं वापरलं तर उत्तम.

जेवढं पंपाचं दूध पोटात जाईल तेवढंच वरचं कमी करायचं, तेही बाळाचं वजन बघत आणि डॉक्टरांना विचारून. पहिल्या तीन महिन्यांत वजन दिवसाला साधारण २०-३० ग्रॅम वाढावं आणि दिवसाकाठी सहा तरी लंगोट ओले व्हावेत. पावडर पुरवून वापरायला पाणी वाढवणं बाळाच्या जिवाशी खेळ आहे, ते कधीही करू नये.

अळीव, डिंक, मेथी, शतावरी यांनी दूध वाढतं याला भक्कम पुरावा नाही. लाडू पोषणासाठी जरूर खावेत. थायरॉईडचा त्रास, आधी झालेली स्तनाची शस्त्रक्रिया, गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा, मुळात ग्रंथीच कमी असणं, अशा कारणांनी दूध कमी असेल तर नुसता पंप पुरत नाही. तिथे 'प्रयत्न कमी पडले' असं आईला म्हणणं अन्याय आहे. तिने पाजलेलं प्रत्येक चमचाभर दूध कामाचं असतं.

भाचीच्या पोरीचं वरचं दूध तिसऱ्या महिन्यात रात्री नऊच्या एका वेळेवर आलं. ते तिने ठेवलं आहे. तेव्हा आजोबा मांडीवर घेऊन बोंडल्याने पाजतात आणि भाची सलग चार तास झोपते.