नाथसागरावर लॅपटॉप न्यायचाय? पाण्याच्या आधी उन्हाचं बघा

होडीवर वापरायला लॅपटॉप पाहिजे म्हटलं की विकणारा पहिल्यांदा त्याच्यावर पाणी ओतून दाखवतो, निदान तसा व्हिडिओ तरी दाखवतोच, आणि आपण तिथंच खूश होतो. आता मराठवाड्यात होडी कुठली आणि तिच्यावर लॅपटॉप कशाला असं बाहेरच्यांना वाटेल, पण लागतो राव. जायकवाडी, माजलगाव, येलदरी, मांजरा, विष्णुपुरी, धरणं काय कमी आहेत का आपल्याकडं, आणि धरण म्हटलं की गाळ आला, गाळ म्हटलं की तळाची मोजणी आली. १९७६ ला लोकार्पण झालेल्या जायकवाडीची, म्हणजे आपल्या नाथसागराची, मूळ साठवण २९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यातला ७३८ दलघमी मृतसाठा. पण हे झालं डिझाइनचं गणित, गोदावरीनं इतक्या वर्षांत किती माती आणून टाकली हे कळायला कोणीतरी पाण्यावर जाऊन मोजावंच लागतं.

मोजतात कसं, तर होडीला इको साउंडर बांधतात. तो खाली आवाजाचा ठोका सोडतो, पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, तळाला आपटून परत यायला लागलेला वेळ मोजायचा, निम्मा करायचा, वेगानं गुणायचा, की खोली आली. १५ मीटर पाणी असेल तर ठोका २० मिलिसेकंदात परत. सोबत जीपीएस सांगतं की होडी नेमकी कुठं आहे. ही दोन्ही यंत्रं आपापल्या वायरीनं लॅपटॉपला जोडलेली, आणि लॅपटॉपवर एक रेघ दिसते जिच्यावरून होडी चालवायची, म्हणजे स्क्रीन दिसली नाही तर सगळा दिवस पाण्यात. पक्षी मोजणारे, पुराच्या वेळी रबरी बोट घेऊन जाणारे, यांचंही थोड्याफार फरकानं हेच.

आणि स्क्रीन दिसत नाही हाच खरा त्रास आहे. पाण्याचा नंबर लई नंतर येतो.

बघा, साध्या लॅपटॉपची स्क्रीन २५० ते ३०० निट्सची असते. निट म्हणजे पृष्ठभाग डोळ्याला किती उजळ दिसतो त्याचं माप. घरात एवढं भरपूर झालं. आता भर दुपारी आपल्याकडं उघड्यावर लाखभर लक्स (लक्स म्हणजे वरून पडणाऱ्या उजेडाचं माप) ऊन पडतं, आणि तुम्ही अंगात पांढरा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसलात तर तो शर्टच मुळी २० हजार निट्सच्या आसपास चमकायला लागतो. काच समोरून पडलेल्या उजेडातला साधारण ४ टक्के परत फेकते. २० हजाराचे ४ टक्के म्हणजे ८०० निट्स. म्हणजे तुमची स्क्रीन ३०० निट्स, आणि तिच्यात दिसणारा तुमचा शर्ट ८०० निट्स, मग दिसणार काय? शर्टच दिसणार! होडी चालवणारे मामा विचारतात, "सायेब, काही दिसायलंय का?" आणि साहेब टॉवेल डोक्यावर घेऊन आत तोंड घालून बसलेले. गडद रंगाचा शर्ट घाला हा फुकटातला उपाय कोणताच सेल्समन सांगत नाही, त्यात त्याला काय मिळणार म्हणा.

त्यात परत साध्या स्क्रीनमध्ये वरची काच आणि आतलं पॅनेल यांच्यामध्ये हवेची बारीक फट असते, त्यामुळं काचेची खालची बाजू आणि पॅनेलची वरची बाजू हे दोघंही आपापला उजेड परत फेकतात. चांगल्या रगेड, म्हणजे बाहेरच्या वापरासाठी दणकट बनवलेल्या, मशीनमध्ये ही फट पारदर्शक गोंदानं भरून टाकतात, त्याला ऑप्टिकल बाँडिंग म्हणतात. गोंदाचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड किती वाकवतो तो आकडा, काचेच्या जवळचा ठेवलेला असतो, म्हणून उजेडाला मध्ये माध्यम बदलल्यासारखं वाटतच नाही आणि तो वळून परत येत नाही. वरून अँटी-रिफ्लेक्टिव्ह कोटिंग असेल तर ते ४ टक्के १-२ टक्क्यांवर येतात. म्हणून विकत घेताना दोन गोष्टी विचारा, निट्स किती (१००० च्या खाली असेल तर उघड्या होडीसाठी विचार करू नका) आणि बाँडिंग आहे का. नुसतं निट्स वाढवून बॅकलाइट भणाणून सोडला तर बॅटरी पळत संपते. आणखी एक, पोलराइज्ड गॉगल घालून एलसीडीकडं बघितलं तर काही कोनात स्क्रीन काळीठिक्कर दिसते, कारण स्क्रीनचा उजेडही पोलराइज्डच, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो. मशीन बिघडलं समजून फोन करायच्या आधी गॉगल काढून बघा.

उन्हाचा दुसरा हात म्हणजे उष्णता. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं ४२-४३ अंश नेहमीचंच, आणि काळ्या रंगाचं मशीन थेट उन्हात ठेवलं तर त्याचं कवच ६० च्या पुढं सहज जातं. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायची असते, त्याच्यावर सेलचं तापमान गेलं की आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं, म्हणजे वायर लावलेली आहे, दिवा लागलेला आहे, आणि टक्के मात्र खाली खालीच चाललेत. पूर्ण रगेड मशीनवर उणे २९ ते ६३ अंश असं लिहिलेलं असतं, पण ती चाचणी बंद खोलीत हवा गरम करून घेतलेली असते, डोक्यावर सूर्य ही वेगळी चाचणी. सावली करा. चार काठ्या आणि ताडपत्री लावली तर वाऱ्यानं होडी वढत्ये हे खरं, पण छोटा हूड तरी लावाच.

आता पाण्याच्या नंबराकडं येऊ. आयपी६५, आयपी६७ असे आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा, ६ म्हणजे धूळ अजिबात आत नाही. दुसरा पाण्याचा, ५ म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला १२.५ लिटर धार सगळ्या बाजूंनी मारली तरी चालेल, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ऐकायला भारी आहे. पण ही चाचणी होते तेव्हा बाजूची सगळी रबरी झाकणं घट्ट लावलेली असतात. होडीवर आपण काय करतो? जीपीएसची वायर, साउंडरची वायर, चार्जर, तीन झाकणं सताड उघडी! मग तो ६५ राहिला कुठं, कागदावर. दाराला भारी कुलूप लावून खिडकी उघडी टाकल्यासारखं झालं हे. म्हणून मी तर म्हणेन की पोर्ट कुठल्या बाजूला आहेत हे नंबरापेक्षा जास्त बघा, मागच्या बाजूला असतील तर शिंतोडे समोरून येतात तेव्हा वाचतात, आणि वायर आत स्क्रूनं कसता येते का, का नुसती खोचलेली आहे तेही बघा. सिरीयल पोर्ट, म्हणजे वायर जोडायचं जुन्या पद्धतीचं सॉकेट, अजून रगेड मशीनवरच मिळतो बहुतेक, आणि जुन्या साउंडरला तोच लागतो. यूएसबी कन्व्हर्टर लावला की कधीकधी विंडोजला जीपीएसचा डेटा म्हणजे माऊसच आहे असं वाटतं, आणि कर्सर भूत लागल्यासारखा स्क्रीनभर नाचायला लागतो. हा प्रकार बोटवाल्यांना जगभर माहिती आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो खोटा माऊस डिसेबल करायचा, झालं.

मिलिटरी ग्रेड हा शब्द तर आता शाळेच्या पोरांच्या लॅपटॉपवरही छापतात. अमेरिकन लष्कराचं मिल-एसटीडी-८१० हे चाचण्या कशा घ्यायच्या त्याचं पुस्तक आहे, त्यातल्या कुठल्या घ्यायच्या हे कंपनीच ठरवते आणि लष्कर काही शिक्का मारून देत नाही. त्यातली पडण्याची चाचणी म्हणजे चार फुटावरून २६ वेळा, कारण डब्याच्या आकाराच्या वस्तूला ८ कोपरे, १२ कडा आणि ६ बाजू. पण हे २६ वार पाच मशीनमध्ये वाटून घ्यायला परवानगी आहे! आणि खाली बऱ्याचदा काँक्रीटवर प्लायवूड असतं. तेव्हा "८१० पास" म्हटलं की कुठली चाचणी, चालू मशीनवर का बंद, हे विचारायचं.

कोकणातल्या माणसाला मात्र त्याच पुस्तकातली खाऱ्या धुक्याची चाचणी बघावीच लागेल. मीठ वाळलं तरी संपत नाही, हवेत ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की ते स्वतःच पाणी ओढून घेतं आणि पिना परत ओल्या, परत गंज. आपल्याकडं गोडं पाणी, त्यामुळं त्याचे जास्तीचे पैसे वाचले. आपला शत्रू बारीक गाळ, तो वाळला की बिजागरीत आणि कीबोर्डखाली जाऊन बसतो, म्हणून पहिला आकडा ६ असलेला बरा. पावसाळ्यात अजून एक गंमत होते. ऑफिसात एसीमध्ये २२ अंशावर ठेवलेलं मशीन ऑगस्टच्या सकाळी सरळ धरणावर काढलं, बाहेर २७ अंश आणि ८५ टक्के दमट, तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं ते) येतो २४ च्या आसपास, म्हणजे मशीनवर दव धरणार, आतूनसुद्धा. बॅगेतच बंद ठेवून अर्धा-पाऊण तास गरम होऊ द्यायचं, मग उघडायचं.

करंटचं थोडक्यात सांगतो. ट्रॅक्टरची १२ व्होल्टची ८० एएच (अँपिअर-तास) बॅटरी म्हणजे ९६० वॉट-तास, लेड-अॅसिडमधलं निम्मंच वापरावं, लॅपटॉप ४० वॉट खातो असं धरलं तर १२ तास आरामात. इन्व्हर्टर मध्ये घालू नका, १२ चं २३० करायचं आणि परत १९ करायचं यात फुकट करंट जळतो, सरळ डीसी अडॅप्टर घ्या. आणि इंजिनची आणि लॅपटॉपची बॅटरी वेगळी ठेवा, सेल्फ मारताना व्होल्टेज असं धाडकन पडतं की अडॅप्टर बंद पडतो. डिस्क एसएसडीच असावी हे आता सांगायची गरज नाही, जुन्या हार्ड डिस्कचं हेड तबकडीच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगतं, डिझेल इंजिनच्या थरथरीत त्याचं काय होणार.

टचस्क्रीनच्या भरवशावर राहू नका. थेंब पडला की कपॅसिटिव्ह (फोनसारख्या) स्क्रीनला ते बोटच वाटतं. ओल्या हाताचा मोड असेल तर चालू करून, खरंच पाणी शिंपडून दुकानातच बघा.

नवीन फुल रगेड घ्यायचं तर लाखांत जातं, म्हणून बरेचजण टफबुक किंवा गेटॅक या नावाची जुनी रगेड मशीनं शोधतात, वाईट नाही. पण सेकंडहँड मशीनवरचा आयपी नंबर मेला असंच धरून चाला, रबर वर्षांनी कडक होतं, चिरतं, आणि कोणीतरी ते उघडून रॅम वाढवलेली असली तर सील नीट बसलंय का हे विकणाऱ्यालाही माहिती नसतं. झाकणं नखानं दाबून बघा, परत फुगून येतात का. बॅटरी नवी टाकायचे पैसे धरा. स्क्रीन दुपारी दुकानाच्या बाहेर रस्त्यावर नेऊन बघा, तो नाही म्हणाला तर दुसरं दुकान.