नवग्रह म्हणजे सूर्यमालेतले नऊ ग्रह का?

"दुर्बीण नव्हती तरी आपल्याकडं नऊ ग्रह माहीत होते, पुरावा म्हणजे नवग्रह" हा मेसेज कितीतरी वर्षं फिरतोय. २००६ पर्यंत प्लूटो धरून सूर्यमालेत नऊ ग्रह मानायचे, आता आठच मानतात, पण तो जुना आकडा जुळतो म्हणून पटकन पटतं. यादी वाचा ना, सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू, केतू. म्हणजे सूर्य-चंद्र त्यात आहेत अन् पृथ्वी नाहीच, राहू-केतू तर चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते ते दोन बिंदू, त्यांच्याजवळच ग्रहणं होतात. युरेनस १७८१ ला दुर्बिणीतनं सापडला, नेपच्यून १८४६ ला. ताऱ्यांमधनं सरकतं त्याला आपले लोक ग्रह म्हणायचे, अन् नुसत्या डोळ्यांनी त्यांच्या चाली मोजल्या हेच मला खरं भारी वाटतं. साताऱ्यात यवतेश्वरला वर जाऊन मंगळ अन् आसपासचे तारे कागदावर काढा, महिन्यानं परत बघा, तारे तसेच, मंगळ सरकलेला.