पेवातली हळद आणि कोटीचं यंत्र

सांगलीला लागून असलेल्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायची जुनी रीत आहे. 2005 च्या महापुरात त्यातली बरीच पेवं खराब झाली, तरी पेवातली हळद चांगली टिकते हे व्यापारी आजही सांगतात. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पेवात हळकुंडाच्या आत नेमकं काय बदलतं, हे नुसत्या रंगावरून आणि वासावरून कळत नाही.

कळायचं तर त्यातले मेटाबोलाइट मोजावे लागतात. पेशीत चालणाऱ्या घडामोडींतून तयार होणारे हे लहान रेणू : साखरा, आम्लं, अमिनो आम्लं, रंगद्रव्यं, सुगंधी तेलं. रेणूंच्या वस्तुमानावरून ते ओळखून मोजणारं यंत्र, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, एखाद्या कॉलेजला परवडणारं नाही. चांगल्या यंत्राची किंमत कोटींत जाते, शिवाय वायू, वीज, वातानुकूलन आणि देखभाल. म्हणून सामाईक प्रयोगशाळा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सामाईक उपकरणांचं केंद्र आहे, आणि देशभरात कुठे कोणतं उपकरण आहे ते पाहायला 2020 साली सुरू झालेलं आय-स्टेम पोर्टल आहे.

हळदीची पूड मिथेनॉलमध्ये मिसळून गाळली की तो अर्क यंत्रात शिरण्याआधी रेणू वेगळे करणाऱ्या एका बारीक नळीतून जातो. हळदीचं पिवळं रंगद्रव्य कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडं या नळीतून एकामागोमाग बाहेर पडतात. त्यांची वस्तुमानं साधारण 368, 338 आणि 308. दर वेळी 30 चा फरक, कारण प्रत्येक पायरीला मेथॉक्सी नावाचा अणूंचा एक छोटा गट जाऊन त्याच्या जागी हायड्रोजन येतो. वजनं वेगळी असल्यामुळे हे तिघं सोपे. द्राक्षातलं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मात्र दोन्ही 180 चे. तिथे नुसतं वजन काय कामाचं? नळीतून कोण कधी बाहेर पडतं, त्यावरच ओळख ठरते.

पण माझ्या मते अशा केंद्राची खरी कमाई यंत्रात नाही, ते चालवणाऱ्या माणसांत आहे. निम्मं काम नमुना यंत्रापाशी पोचायच्या आतच साधतं किंवा बिघडतं. ओल्या गड्ड्यातली विकरं (एन्झाइम) काढणीनंतरही थांबत नाहीत. म्हणून तो शेतातच उणे 196 अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये टाकतात आणि मग उणे 80 च्या फ्रीजरमध्ये ठेवतात. वाळलेल्या हळदीला इतके लाड लागत नाहीत. मात्र कर्क्युमिनला उजेड सोसत नाही, त्यामुळे अर्क तपकिरी काचेच्या कुपीतच हवा. पारदर्शक कुप्या खिडकीपाशी ठेवून मग ‘आकडे कमी का आले?’ असं विचारण्यात अर्थ नाही.

यंत्रही दिवसभरात थोडं सरकतं. पेवातले नमुने सकाळी आणि गोदामातले संध्याकाळी मोजले, तर यंत्राची ही सरक हळदीच्या नावावर खपेल. म्हणून क्रम सरमिसळ करतात, आणि सगळ्या नमुन्यांचं थोडंथोडं एकत्र करून केलेलं मिश्रण दर आठ-दहा नमुन्यांमागे पुन्हा मोजतात. त्या मिश्रणाचे आकडे जुळले, तरच बाकीच्यांवर भरवसा.

नमुने मोजायची तारीख देण्याआधी केंद्रातले जाणकार तंत्रज्ञ हमखास विचारतात : पेवं किती? एकाच पेवातून दहा पिशव्या भरून आणल्या, तर आकडे दहा मिळतात, पण तुलनेच्या हिशोबात पेव एकच धरलं जातं. वेगवेगळी पेवं, शक्यतो एकाच हंगामाची हळद आणि त्याच मालातली गोदामात ठेवलेली हळद, एवढं आधी ठरवून गेलं की पुढचं काम सरळ होतं.