पोलिसांवरील हल्ला (फौजदारी शिक्षा)

कर्तव्यावरच्या पोलिसाला मारहाण करणे, त्याच्या अंगावर धावून जाणे हा भारतात दखलपात्र (वॉरंटशिवाय अटक होऊ शकते) आणि अजामीनपात्र (जामीन हक्क म्हणून मिळत नाही) गुन्हा आहे. बातमीत तो ‘सरकारी कामात अडथळा’ म्हणून छापून येतो. कोर्टाच्या आवारात ‘तीनशे त्रेपन्न’ म्हटले की पुरते. हा कलमाचा आकडा १८६० च्या भारतीय दंड विधानातला. १ जुलै २०२४ रोजी त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ३५३ चे १३२ झाले. तोंडात बसलेला आकडा काही गेलेला नाही. कलम एकट्या पोलिसांसाठी नाही. तलाठीही त्यात येतो, कारण कायद्याचा शब्द आहे ‘लोकसेवक’.

प्रकरण हल्ला किंवा बलप्रयोगावर थांबले तर २ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दुखापत झाली तर कलम १२१ लागते: साध्या दुखापतीला ५ वर्षांपर्यंत, गंभीर दुखापतीला किमान १ आणि कमाल १० वर्षे. नुसता अडथळा हा खरे तर वेगळा आणि किरकोळ गुन्हा (कलम २२१, कमाल ३ महिने), पण बातम्यांत दोन्हींची सरमिसळ होते.

ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खार येथे दुचाकीवरील अल्पवयीन मुलाला अडवणाऱ्या वाहतूक हवालदाराच्या डोक्यात दांडके घातले गेले. काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. २०१८ मध्ये महाराष्ट्राने ३५३ ची कमाल शिक्षा २ वरून ५ वर्षांवर नेली आणि खटले सत्र न्यायालयाकडे दिले. मोर्चेकऱ्यांवर हे कलम सर्रास लावले जाते, अशी ओरड त्यानंतर वाढली. जुन्या विधानाबरोबर ती दुरुस्तीही मागे पडली.

खटल्यात पहिला प्रश्न असतो, पोलीस त्या वेळी कर्तव्यावर होता का? म्हणून पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीतली नोंद, पंचनाम्यात जप्त केलेला फाटका गणवेश, तुटलेले बटण यांना महत्त्व येते. नुसते शब्द म्हणजे हल्ला नव्हे, हे कायद्यातच लिहिले आहे. बंगळुरू वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर तक्रार लिहिणाऱ्या दांपत्यावरचा ३५३ चा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये याच मुद्द्यावर रद्द केला.

पोलिसाची कारवाई काटेकोरपणे कायदेशीर नसली, तरी ती सद्भावनेने आणि पदाच्या अधिकारात केलेली असेल तर तिच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क सांगता येत नाही. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल तेव्हा मात्र तो मिळतो. साध्या वेशातला माणूस पोलीस आहे हे ठाऊक नसेल आणि तसे मानायला कारणही नसेल, तेव्हाही हा हक्क शाबूत राहतो.