सूर चढतो, गाडी चढत नाही

खंबाटकी घाटाचा निम्मा चढ संपला होता. आमच्या एकोणीस वर्षांच्या छोट्या हॅचबॅकमध्ये आम्ही चौघे आणि डिकीत दोन बॅगा. तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला, इंजिनाचा आवाज झकास चढला आणि वेगाचा काटा मात्र होता तिथेच. मागचा ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. बायको म्हणाली, "अहो, आवाज तर पळतोय, मग आपण का नाही पळत?"

प्रश्न अगदी नेमका होता. मी मात्र इंजिनालाच दोषी ठरवलं आणि पुढच्या आठवड्यात प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला. पैसे गेले, घाट तसाच राहिला. जरा विचार केला असता तर कळलं असतं की इंजिन कमजोर झालं असतं, तर आवाजही चढला नसता. आवाज चढतोय म्हणजे इंजिन आपलं काम करतंय. ते काम चाकापर्यंत पोचत नाहीये. वाटेत कुणीतरी गळती लावली आहे, आणि त्या वाटेवर घसरण्याची परवानगी असलेली वस्तू एकच: क्लच.

क्लचची पंचाईत अशी की तो दिसत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये, एका घंटेच्या आकाराच्या कवचात तो बंद असतो. बघायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि खर्चाचा मोठा वाटा त्या उतरवण्या-चढवण्याचाच. त्यामुळे क्लचचं निदान जुन्या वैद्यांसारखं बाहेरूनच करावं लागतं. नाडी, आवाज, वास.

आतली रचना साधी आहे. इंजिनासोबत फिरणारं जड फ्लायव्हील, त्याला बोल्टने जोडलेली प्रेशर प्लेट, आणि दोघांच्या मध्ये सँडविचमधल्या काकडीसारखी दाबलेली क्लच प्लेट. ही मधली चकती गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसलेली असते. लहान गाडीत तिचा व्यास सतरा-अठरा सेंटिमीटर. तिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचं अस्तर रिव्हेटने ठोकलेलं असतं. मोटारींच्या पहाटेच्या काळात हे अस्तर चक्क चामड्याचं असे; पुढे अॅस्बेस्टॉस आलं, आता काचतंतू, तांब्या-पितळेची तार आणि रेझिन यांचं मिश्रण असतं. पेडलवरून पाय काढला की प्रेशर प्लेटमधली डायफ्रॅम स्प्रिंग, म्हणजे बशीसारखी किंचित खोलगट पोलादी चकती, हे सगळं घट्ट आवळून धरते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगच्या बोटांवर दाब देतं आणि पकड सुटते. म्हणजे क्लच धरण्याचं काम स्प्रिंगचं, सोडण्याचं आपल्या पायाचं. हे उलटंसुलटं नीट लक्षात ठेवलं की पुढचं निम्मं निदान आपोआप होतं.

आता थोडं गणित, कारण त्यात मजा आहे. समजा स्प्रिंगचा दाब ३००० न्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलोंचं वजन ठेवल्यासारखा. अस्तराचा घर्षणांक ०.३. घर्षण सरासरी ७ सेंटिमीटर त्रिज्येवर होतं आणि पृष्ठभाग दोन. सगळ्यांचा गुणाकार केला की १२६ न्यूटन-मीटर येतात. एवढा पीळ (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) हा क्लच न घसरता पेलू शकतो. आठशे सीसीच्या आसपासच्या इंजिनाचा कमाल पीळ साधारण ६० न्यूटन-मीटर. म्हणजे नव्या क्लचकडे दुपटीची बेगमी असते. ही बेगमी वर्षानुवर्षं हळूहळू खर्च होत असते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पण इंजिनाचं मागचं ऑइल सील गळून अस्तराला तेल लागलं आणि घर्षणांक ०.१ वर आला, तर त्याच गणिताचं उत्तर ४२ येतं. इंजिन ६० देतंय, क्लच ४२ पेलतोय. उरलेल्या अठरांचा हिशेब घसरण्यात होतो.

सूत्रात चकतीचं क्षेत्रफळ कुठेच नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल. घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं हे अमाँताँ या फ्रेंच माणसाने १६९९ मध्ये मांडलं, तेव्हाही लोकांना ते पटलं नव्हतं. मग चकती मोठी कशाला? एक तर त्रिज्या वाढली की तेवढ्याच घर्षणातून पीळ जास्त मिळतो. दुसरं म्हणजे उष्णता आणि झीज मोठ्या जागेवर वाटली जाते.

ही उष्णता किती, याचा अंदाज आपल्याला नसतो. टोलनाक्याच्या चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरणारे शूरवीर आपण रोज पाहतो. माणसांसकट ९०० किलोंची गाडी दहात एक अशा चढावर पहिल्या गिअरमध्ये तशी धरली, इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असलं, तर क्लचमध्ये सुमारे २४०० वॉट उष्णता तयार होते. बाथरूममधला गीझर २००० वॉटचा असतो. उलट, सपाट रस्त्यावर गाडी नीट उचलताना, ताशी १० किलोमीटरला क्लच पूर्ण धरेपर्यंत, साधारण साडेतीन हजार ज्यूल खर्च होतात. म्हणजे चढावरची दहा सेकंदांची ऐट सहा-सात वेळा गाडी उचलण्याइतका क्लच खाते.

घसरतोय की नाही हे कसं ओळखायचं? क्लच धरलेला असेल आणि गिअर तोच असेल, तर इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग एकमेकांना दाव्याने बांधलेले असतात. टॉप गिअरमध्ये ६० च्या वेगाला २५०० फेरे पडत असतील तर ८० ला ३३३० च्या आसपासच पडले पाहिजेत. हे प्रमाण मोडलं की क्लच घसरला. मोकळा, सरळ रस्ता बघून टॉप गिअरमध्ये चाळीस-पन्नासच्या वेगावरून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. फेरे एकदम उडी मारून पुढे गेले आणि वेग मागून रेंगाळत आला, तर निदान झालं.

पण जुन्या गाड्यांत फेरे दाखवणारा काटाच नसतो. कान आहेत ना! चार स्ट्रोकच्या तीन सिलिंडर इंजिनात दर दोन फेऱ्यांना तीन स्फोट होतात. २५०० फेऱ्यांना सेकंदाला साडेबासष्ट, ३००० ला पंच्याहत्तर. प्रमाण सहास पाच. गाणं शिकणाऱ्यांनी हे ओळखलं असेल: षड्जापासून कोमल गंधाराचं अंतर. तेव्हा वेग तोच असताना इंजिनाचा सूर सा सोडून कोमल गंधारावर जाऊन बसला, तर दर सहा फेऱ्यांतला एक क्लचमध्येच जिरतोय. त्या क्षणी ६० न्यूटन-मीटर पीळ जात असेल तर आत सुमारे ३१०० वॉट तापतायत, दीड गीझर. तो जळका, कडवट वास रेझिन करपल्याचा. अस्तर तापलं की त्याची पकड कमी होते, पकड कमी झाली की जास्त घसरतं, जास्त घसरलं की आणखी तापतं. म्हणूनच क्लच मरायला वर्षं घेतो, पण शेवटचं मरण एका घाटात येतं.

हे दुखणं आधी टॉप गिअरमध्ये दिसतं, पहिल्यात नाही, याचं लोकांना नवल वाटतं. पहिल्या गिअरमध्ये गाडी इंजिनाला हलकी लागते. पिळाचा बराच भाग फ्लायव्हीलला स्वतःला वेग देण्यात जातो आणि कमाल पिळाची अवस्था सेकंदभरात मागे पडते. टॉप गिअरमध्ये गाडी जड, त्यामुळे जवळजवळ सगळा पीळ क्लचमधून, तोही बराच वेळ जात राहतो. गावात ठणठणीत वाटणारी गाडी घाटात उघडी पडते ती यामुळे.

गॅरेजमध्ये आणखी एक परीक्षा करतात. सपाट जागी हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून, समोर कुणी नाही ना हे बघून, टॉप गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन गचका खाऊन बंद पडलं तर क्लच चांगला, चालूच राहिलं तर गेला. माझं या परीक्षेबद्दलचं मत फारसं चांगलं नाही. चालूच राहिलं तर क्लच कामातून गेला हे खरं. पण बंद पडलं म्हणजे तो चांगला, हे खरं नाही, कारण मंद चालणाऱ्या इंजिनाचा पीळ जेमतेम असतो आणि अर्धमेला क्लचही तेवढा पेलतो. शाळेच्या तोंडी परीक्षेत पास झालेला मुलगा बोर्डात पास होईलच असं नाही. आणि पुन्हा पुन्हा करून बघण्याचा मोह टाळावा. प्रत्येक वेळी आपण तोच क्लच भाजतो.

घसरण्याच्या अगदी उलटा आजार म्हणजे क्लच न सुटणं. पेडल तळापर्यंत दाबलं तरी चकती थोडी फिरतच राहते. इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. बहुतेक जुन्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रोमेश, म्हणजे दात जुळण्याआधी वेग जमवून देणारी सोय, नसतं, त्यामुळे तो लपवाछपवी करत नाही. 'कर्रर्र' झालं तर क्लच सुटत नाहीये. यात चकती झिजलेली असेलच असं नाही. केबल ताणली असेल, हायड्रॉलिक गाडीत तेल गळून हवा शिरली असेल, चकती वाकली असेल. कोकणातल्या घरी पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत तर चकती गंजून फ्लायव्हीललाच चिकटते. नवा क्लच सेट विकत घेण्याआधी आपला आजार यातला कुठला, हे पक्कं करावं. 'क्लचचा प्रॉब्लेम आहे' एवढंच सांगून गाडी सोडणं म्हणजे डॉक्टरला 'पोट' एवढंच सांगून गप्प बसणं.

आवाजांचं तर्कशास्त्र मला विशेष आवडतं. आमच्या मिस्त्रींनी ते एका वाक्यात शिकवलं: "साहेब, गाडी न्यूट्रल करा, पाय वर-खाली करा आणि फक्त ऐका." पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग, कारण त्याच्यावर भार तेव्हाच येतो. पाय काढल्यावर घरघर आणि दाबल्यावर शांतता असेल तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग, कारण क्लच सुटला की तो शाफ्ट थांबतो. एकही नट न उघडता दोन संशयितांतला एक सुटतो! गाडी उचलताना थरथर होत असेल तर क्लचवर आरोप करण्याआधी इंजिनाची माउंटिंग, म्हणजे ते ज्यांवर बसतं ते रबरी आधार, बघावीत. फाटलेलं रबर हुबेहूब तीच थरथर देतं.

राहिला 'क्लच फार वर धरतो' हा लाडका पुरावा. चकती झिजून पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि सीसॉसारखी स्प्रिंगची बोटं उलट बाजूला, रिलीज बेअरिंगकडे येतात. केबलच्या गाडीत म्हणूनच धरण्याची जागा वर चढते आणि पेडलचा मोकळा खेळ, गॅरेजच्या भाषेत 'प्ले', कमी होत जातो. गंमत अशी की बशीच्या आकाराची ही स्प्रिंग झिजेच्या सुरुवातीला उलट जास्त जोर लावते. त्यामुळे पेडल जड होणं हीसुद्धा म्हातारपणाची खूण असू शकते, अर्थात केबल आतून गंजली नसेल तर. हायड्रॉलिक क्लच मात्र झीज आपली आपण भरून काढतो, तिथे धरण्याची जागा फारशी हलत नाही. त्या गाडीवाल्यांनी या पुराव्यावर विसंबू नये.

आणि प्ले पूर्ण संपला तर? मग पेडलवर पाय नसतानाही बेअरिंग बोटांवर टेकून राहतं, स्प्रिंगचा थोडा जोर खाऊन टाकतं आणि बऱ्यापैकी चांगला क्लचही घसरू लागतो. म्हणून पहिली तपासणी फुकटातली: पेडल हाताने दाबून बघा. जुन्या लहान गाड्यांत साधारण दीड-दोन सेंटिमीटर ते विनाविरोध खाली जायला हवं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो.

आमच्या गाडीत प्ले शून्य होता. मिस्त्रींनी केबलचा नट फिरवून तो परत आणला आणि गाडी दीड महिना गुणी बाळासारखी वागली. मग कात्रजला पुन्हा सूर चढला. या वेळी नट फिरवायला जागाच उरली नव्हती.

गिअरबॉक्स उतरला. कवचात काळी भुकटी साचली होती. मी वाकून फुंकर मारणार तेवढ्यात मिस्त्रींनी हात धरला आणि ओलं फडकं दिलं. जुन्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुफ्फुसातून परत निघत नाही. तेलाचा मात्र डाग नव्हता, म्हणजे सील शाबूत. चकती पुसून व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावला. अस्तराच्या पृष्ठभागापासून रिव्हेटचं डोकं किमान ०.३ ते ०.५ मिलिमीटर खोल असावं, असं बहुतेक गाड्यांची पुस्तकं सांगतात. आमच्याकडे एका बाजूला खोली उरलीच नव्हती. रिव्हेटने फ्लायव्हीलवर एक बारीक, चकचकीत वर्तुळ कोरायला घेतलं होतं. मिस्त्रींनी त्यावरून नख फिरवलं, नख अडकलं नाही, म्हणून फ्लायव्हील वाचलं. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट बदलला. एकदा गिअरबॉक्स उतरवल्यावर बेअरिंगपुरते पैसे वाचवण्यात अर्थ नसतो.

नवा क्लच अगदी खाली, तळाशी धरत होता. माझ्या पायाला कित्येक वर्षांची वरची सवय. गॅरेजच्या दारातच गाडी दोनदा बंद पाडली. मिस्त्री हसू दाबत म्हणाले, "क्लच ठीक आहे साहेब, आता ड्रायव्हर बघावा लागेल."