नील यंगचे ‘न आलेले’ अल्बम आणि चाहत्यांचा न संपणारा वाद

रॉक गायक-गीतकार नील यंगचा ‘होमग्रोन’ हा अल्बम १९७५ सालीच तयार होता. गाण्यांचा क्रम लागलेला, टॉम विल्क्सने वेष्टनाचं चित्रही करून दिलेलं. प्रत्यक्षात तो बाहेर आला १९ जून २०२० रोजी. मधल्या पंचेचाळीस वर्षांत जगभरच्या चाहत्यांनी त्यावर इतकी चर्चा केली की अल्बम हाती आला तेव्हा अनेकांना त्यातली काही गाणी पाठच होती. त्यानंतर दर वर्षा-दोन वर्षांनी यंगच्या कपाटातून असा एखादा ‘हरवलेला’ अल्बम निघतो आणि तोच वाद पुन्हा पेटतो: हा खरंच त्या काळचा अल्बम, की आत्ता बसून जुळवलेला?

वादाचं मूळ १९७२ पर्यंत मागे जातं. त्या वर्षी ‘हार्वेस्ट’ हा अमेरिकेत सर्वाधिक खपलेला अल्बम ठरला. त्याच्या रेकॉर्ड कंपनीला, रिप्राइजला, अर्थातच तसलाच आणखी एक हवा होता. यंगच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. नोव्हेंबर १९७२ मध्ये त्याच्या क्रेझी हॉर्स बँडचा गिटारवादक डॅनी व्हिटन अमली पदार्थांपायी गेला. पुढच्या वर्षी वाद्यं सांभाळणारा ब्रूस बेरीही तसाच गेला. त्या दोघांच्या दुःखात १९७३ च्या उन्हाळ्यात, सरावाच्या एका जागेत, रात्री उशिरापर्यंत दारू ढोसत ‘टुनाइट्स द नाइट’ची बहुतेक गाणी मुद्रित झाली. आवाज फाटलेले, सूर ढळलेले. ती टेप बाजूला पडली.

मग अभिनेत्री कॅरी स्नॉडग्रेसशी असलेलं नातं तुटलं आणि त्या ताटातुटीतून ‘होमग्रोन’ आला. हळवा, अकूस्टिक, एमीलू हॅरिसचा आवाज, ‘द बँड’ या गटाचा लेव्हॉन हेल्म ड्रम्सवर. कंपनीला हवा होता तो ‘हार्वेस्ट’चा भाऊ हाच! लॉस एंजेलिसच्या शॅटो मारमाँ हॉटेलात मित्रांना तो ऐकवला गेला. त्याच टेपवर पुढे ‘टुनाइट्स द नाइट’ होता. दोन्ही ऐकून द बँडच्या रिक डँकोने दुसऱ्याच्या बाजूने कौल दिला, आणि यंगने खरोखर तोच काढला. ‘होमग्रोन’ फार खाजगी आहे, त्याची भीती वाटते, असंही तो त्या सुमारास बोलला होता. माझं विचाराल तर डँकोचा कान बरोबर होता. ‘होमग्रोन’ सुंदर आहे, पण ‘टुनाइट्स द नाइट’ अंगावर येतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. यंगचं कपाट कधीच कुलूपबंद नव्हतं. अल्बम अडवून ठेवला तरी त्यातली गाणी तो हवी तशी उचलत राहिला. ‘स्टार ऑफ बेथलेहेम’ १९७७ मध्ये एका अल्बमात गेलं, ‘लव्ह इज अ रोज’ त्याच वर्षी ‘डेकेड’ संग्रहात, तर ‘लिटल विंग’ १९८० च्या ‘हॉक्स अँड डव्ह्ज’मध्ये. त्यामुळे चाहत्यांना काही गाणी माहीत होती, माहीत नव्हती ती त्यांची एकत्र संगत.

‘हिचहायकर’चं प्रकरण तर याहून मजेशीर. ११ ऑगस्ट १९७६ ची रात्र, मालिबूच्या डोंगरातला इंडिगो रँच स्टुडिओ. यंग गिटार घेऊन बसला, काचेपलीकडे निर्माता डेव्हिड ब्रिग्ज, सोबतीला अभिनेता डीन स्टॉकवेल. एका बैठकीत दहा गाणी झाली. कंपनीच्या साहेबांनी ऐकून सांगितलं, हे कच्चं आहे, बँड घेऊन पुन्हा कर. झालं, टेप कपाटात! तो अल्बम आला २०१७ मध्ये, ब्रिग्ज जाऊन जवळपास बावीस वर्षं झाल्यावर. यातलं ‘पोकाहाँटस’ घ्या. त्या रात्रीचंच गायन वर आणखी वाद्यं-आवाज चढवून १९७९ च्या ‘रस्ट नेव्हर स्लीप्स’मध्ये आलं होतं. २०१७ मध्ये ते उघडं, नुसत्या गिटारवर ऐकू आलं. २०२३ मध्ये ‘क्रोम ड्रीम्स’मध्ये पुन्हा तीच रात्र! ‘पावडरफिंगर’ आणि ‘कॅप्टन केनेडी’ही तिथे त्याच बैठकीतले. एकाच रात्रीचे किती वेळा पैसे द्यायचे, ही कुरकुर मग चुकीची म्हणता येत नाही.

‘क्रोम ड्रीम्स’ची गोष्ट चाहत्यांनीच जिवंत ठेवली. १९७७ सालचा हा बेत रद्द झाला, पण अ‍ॅसिटेटच्या चाचणी तबकडीवरून उतरवलेली नक्कल नव्वदच्या दशकात बूटलेग, म्हणजे चोरटी प्रत, म्हणून हातोहात फिरली. यंगने २००७ मध्ये चक्क ‘क्रोम ड्रीम्स टू’ काढला, पहिला भाग अधिकृतपणे कुठेच नसताना. तो यायला २०२३ चा ऑगस्ट उजाडला, आणि त्यातली बारा गाणी बूटलेगवाल्यांना ठाऊक असलेलीच निघाली. तरी ‘सेडन डिलिव्हरी’ संथ चालीत स्वच्छ आवाजात ऐकायला मिळालं, हेही नसे थोडके.

ऐंशीच्या दशकात गेफन या त्याच्या नव्या रेकॉर्ड कंपनीशी हाच खेळ उलटा झाला. तिने त्याचे बेत नाकारले, त्याने भलतंच काही करून दिलं, आणि १९८३ मध्ये कंपनीने ‘यंग स्वतःसारखं संगीत देत नाही’ अशा आशयाचा ३३ लाख डॉलर्सचा दावा ठोकला. १९८२ मध्ये कंपनीने नाकारलेल्या ‘आयलंड इन द सन’ अल्बमची गाणी आता ‘जॉनीज आयलंड’ नावाने ऐकता येतात.

सगळं एकत्र काढण्याची भाषा ‘आर्काइव्ह्ज’ या नावाने ऐंशीच्या अखेरीपासून सुरू होती. पहिला खंड आला २००९ मध्ये. तोवर ती एक थट्टाच होऊन बसली होती. स्वतःला ‘रस्टी’ म्हणवणारे चाहते तारखांच्या घोषणा ऐकून हसायचे. दुसरा खंड नोव्हेंबर २०२० मध्ये, सुमारे २५० डॉलर्सना, फक्त तीन हजार प्रतींचा. तो बघता बघता संपला. ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी साधी आवृत्ती काढावी लागली. तिसरा, १९७६ ते १९८७ चा, सप्टेंबर २०२४ मध्ये सतरा सीडींचा.

आणि मार्च २०२५ मध्ये ‘ओशनसाइड कंट्रीसाइड’. १९७७ ची मुद्रणं: एका बाजूला एकटा यंग, दुसऱ्या बाजूला नॅशव्हिलचे साथीदार. यातलं बरंच साहित्य नवी साथ घेऊन ‘कम्स अ टाइम’मध्ये १९७८ लाच गेलं होतं. तिसऱ्या खंडातही याच नावाची सीडी आहे, पण तिची गाण्यांची यादी वेगळी. त्यामुळे तेव्हाचा खरा अल्बम कुठला, तबकडीवरचा की खंडातला, यावर रस्टी मंडळींची जुंपली.